आत्याला मारलं

सकाळी सव्वासहाला अप्पांच्या माग-कारखान्याच्या मालकांना फोन केला. तुळजापूरची आत्या गेली, अप्पा रात्रीच निघाले, असं एका दमात सांगितलं. आवाजही आपोआप बारीक झाला. अप्पा समोर कॉटवर, पाय उशीवर. हातानं खुणावत होते, "रात्रीच म्हण, रात्रीच."

आत्या ठणठणीत आहे. अजून शेंगाची चटणी उखळात कांडते.

खोटं याआधीही बोललेय. पण हे इतकं सहज आलं, तेच दिवसभर टोचतंय. आणि मालक किती चांगलं बोलले! "अरेरे. दहावं उरकूनच येऊ दे त्यांना. माग कुठं पळून जात नाहीत."

उन्हाळ्यात पायाला पहिली जखम झाली तेव्हा खरं सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी अप्पांच्या चार मागांवर बदली उभा. पुढचा दीड महिना अप्पा स्वतःच्याच कारखान्यात बदली म्हणून जात होते. कुणाचा खाडा पडला तरच काम.

साखरेनं तळपायाची जाणीवच गेलीय. परवा चपलेवरचा डाग मला दिसला, त्यांना पत्ताच नाही. "दुखत नाही म्हणायलोय ना मी!" दुखत नाही हाच तर आजार आहे, अप्पा. डॉक्टर म्हणाले, पायावर भार द्यायचा नाही, हाडापर्यंत गेलं तर बोट काढावं लागेल. बारा तास मागांमधून फिरणाऱ्या माणसाला हे सांगायचं. मजुरी नगावर. पाय टेकला नाही तर टॉवेल नाही, टॉवेल नाही तर शनिवारी पगार नाही.

ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, असता तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सत्तर टक्के पगार घरबसल्या मिळाला असता. पण त्यासाठी नाव कागदावर लागतं. अप्पांचं नाव मालकांच्या वहीत आहे, पेन्सिलीनं.

दादाला कळवलं नाही. तो विषय नको. माझ्या फॉर्मची शेवटची तारीखही गेली, तोही नको.

पण मेलेल्या माणसासाठी दहा दिवस आणि जित्या पायासाठी तीनसुद्धा नाहीत? दुपारी भाकरी थापताना एकदम रडू आलं. अप्पांना वाटलं, हात भाजला.

मग न राहवून आत्यालाच फोन केला. म्हटलं, आत्या, मी तुला मारलं. ती दोन मिनिटं गप्प. मग म्हणाली, "दहाच दिवस मिळाले? तेराव्यापर्यंत मागायचे की गं!" वर म्हणते, पुढच्या वेळी आतोबांना धरा, त्यांची काही हरकत नाही.

जखम भरायला महिना तरी जाईल. म्हणजे आतोबाही पुरायचे नाहीत.

संध्याकाळी ड्रेसिंग करताना अप्पांनी हळूच विचारलं, बहिणीसाठी डोकं करतात का गं? नको, म्हटलं. मग बराच वेळ आरशात बघत बसले. दाढी तेवढी वाढवतो म्हणाले.