पाच माणसं, मोजणीत तीन

फिलाडेल्फियात मेट्रोने फिफ्थ स्ट्रीटला उतरलं की इंडिपेंडन्स हॉल चालत पाच मिनिटांवर. आत ठरावीक वेळेचं तिकीट लागतं, ऑनलाइन आरक्षणाला १ डॉलर. सभागृहात फार वेळ थांबू देत नाहीत, म्हणून मी एक हिशेब करूनच गेलो होतो.

हिरव्या कापडाची टेबलं, समोर उंच पाठीची वॉशिंग्टनची खुर्ची. १७८७च्या उन्हाळ्यात अमेरिकेचं संविधान लिहिणाऱ्या सभेत इथेच ठरलं की प्रतिनिधीगृहात (संसदेच्या एका सभागृहात) लोकसंख्येप्रमाणे जागा मिळाव्यात आणि दर पाच गुलाम तीन माणसं धरावेत. १७९०च्या जनगणनेत दक्षिण कॅरोलायनात २,४९,०७३ माणसं होती, त्यात १,०७,०९४ गुलाम. पुढे दर ३३,००० लोकांमागे एक जागा ठरली. फक्त स्वतंत्र माणसं धरली असती तर या राज्याला ४ जागा मिळाल्या असत्या, मिळाल्या ६. ज्यांना मत नव्हतं, त्यांच्या डोक्यांवर मालकांनी दोन जागा जास्त घेतल्या.

उत्तर विरुद्ध दक्षिण एवढंच धरून चाललं, तर २५ ऑगस्टच्या मतदानाचा अर्थ लागत नाही. परदेशातून गुलाम आणायला १८०८पर्यंत मुभा द्यावी, या ठरावाच्या बाजूने ७ राज्यं, विरोधात ४. बाजूने उत्तरेतलं मॅसॅच्युसेट्स, विरोधात दक्षिणेतलं व्हर्जिनिया! व्हर्जिनियाकडे गुलाम भरपूर होते. आयात थांबली की त्यांचा भाव वाढणार, हे दक्षिण कॅरोलायनाच्या पिंकनी यांनी सभेत बोलून दाखवलं. न्यू इंग्लंडच्या, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि शेजारच्या राज्यांच्या, जहाजमालकांना व्यापारी जहाजवाहतुकीचे कायदे साध्या बहुमताने हवे होते. तांदूळ आणि नीळ निर्यात करणाऱ्या दक्षिणेला मात्र भाडं वाढण्याची धास्ती, म्हणून तिचा दोन तृतीयांशाचा आग्रह. २९ ऑगस्टला ती अट गेली आणि त्याच दिवशी पळालेला गुलाम मालकाला परत देण्याचं कलम आलं. हा उघड सौदा होता. तरीही मूळ संविधानात ‘गुलाम’ हा शब्द कुठेही नाही.

बाहेर पडल्यावर उत्तरेला, लिबर्टी बेलच्या दालनाला लागून, फिलाडेल्फिया राजधानी असताना राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन राहत, त्या घराची जागा आहे. जुना पाया काचेखाली दिसतो. पेनसिल्व्हेनियाच्या १७८०च्या कायद्यानुसार परराज्यातल्या मालकाचा गुलाम इथे सहा महिने राहिला की स्वातंत्र्य मागू शकत असे. म्हणून मुदत भरण्याआधी वॉशिंग्टन आपल्या गुलामांना राज्याबाहेर पाठवून पुन्हा आणत. घरातल्या नऊ गुलामांची नावं भिंतीवर कोरली आहेत. त्यांपैकी ओनी जज १७९६च्या मे महिन्यात याच घरातून निसटली.