सिलिंडर, ऊन आणि दाबमापकाचा काटा

मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा पंचेचाळिशीला टेकला, की लष्कर भागातील ज्या घरांत आजारी माणसासाठी ऑक्सिजनचे सिलिंडर ठेवलेले असते, तेथे ते तापून फुटेल या धास्तीने त्यावर ओले गोणपाट टाकले जाते. धास्ती अगदीच निराधार नाही. मात्र ती भलत्याच सिलिंडरविषयी बाळगली जाते.

ऑक्सिजन उणे 118 अंशांच्या वर कितीही दाबला तरी द्रवरूप होत नाही. सिलिंडरमध्ये तो वायूच राहतो आणि त्याचा दाब निरपेक्ष तापमानाच्या (सेल्सिअस अंशांत 273 मिळवून येणाऱ्या आकड्याच्या) प्रमाणात वाढतो. म्हणजे 27 अंश सेल्सिअसला 150 बार असलेला दाब 47 अंशांना साधारण 160 बार होतो. एवढी वाढ सिलिंडर सहज सोसते. सावली हवीच, पण ओल्या गोणपाटाने बुडाला गंज तेवढा चढतो.

कार्बन डायऑक्साइडचे तसे नाही. शास्त्रज्ञ थॉमस अँड्र्यूज यांनी 1869 मध्ये मांडलेला त्याचा क्रांतिक बिंदू, म्हणजे ज्याच्या वर वायू कितीही दाबला तरी द्रव होत नाही ते तापमान, 31 अंशांच्या आसपास आहे, आणि आमचा उन्हाळा तो सकाळीच ओलांडतो. 20 अंशांना 57 बार दाबाखाली बराचसा द्रव असलेल्या त्या सिलिंडरमध्ये, उष्णता वाढेल तसा द्रव फुगतो, वरची मोकळी जागा आक्रसते, 31 अंशांपुढे द्रव आणि वायू हा भेदच उरत नाही, आणि पूर्ण भरलेल्या सिलिंडरचा दाब 45 अंशांपर्यंत दुपटीच्या पलीकडे जातो. ओसरीवर उन्हात टांगलेल्या, याच वायूच्या अग्निशामकाकडे मात्र कोणी पाहतही नाही.

दाबमापकाचा काटाही याच कारणाने दोन तऱ्हांनी बोलतो. ऑक्सिजनचा काटा निम्म्यावर आला, की माल निम्मा उरला. मोठ्या जम्बो सिलिंडरमध्ये सुमारे 7000 लिटर वायू मावतो. त्याचा निम्मा मिनिटाला 2 लिटर या दराने 29 तास पुरतो, हा हिशेब घरातल्या प्रत्येकाला करता यावा. एलपीजीत मात्र द्रव शिल्लक असेपर्यंत तापमान तेच राहिले तर काटा हलत नाही. तेथे वजन करणे हाच खरा उपाय.

मला अधिक काळजी वाटते ती तेलाची. आमच्या वाड्यात ऑक्सिजनच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह घट्ट बसला तेव्हा शेजारचे नाना वाटी घेऊनच आले. "अहो, दोन थेंब खोबरेल सोडा, लगेच फिरेल," ते म्हणाले. मी वाटी बाजूला ठेवली आणि त्यांना तेलकट हातही लावू दिला नाही. व्हॉल्व्ह झटक्यात उघडला, तर पुढच्या अरुंद जागेत ऑक्सिजन एकाएकी दाबला जाऊन इतका तापतो, की तेथे असलेले तेल ठिणगीवाचून पेट घेऊ शकते. म्हणून व्हॉल्व्ह सावकाश उघडावा, जोर लावूनही तो फिरला नाही तर सिलिंडर पुरवठादाराकडे परत पाठवावे, आणि ते देवघरातील समईपासून दूर, भिंतीला साखळीने बांधून उभे ठेवावे.