हेडविगच्या सासरी

म्युनिकहून लांड्सहूटला ट्रेननं पाऊण-एक तास लागतो. इझार नदी ओलांडून जुन्या गावात शिरलं की सेंट मार्टिन चर्चचा मनोरा अंगावरच येतो. 130 मीटर उंच आणि सगळा विटांचा! मोबाइलमध्ये काही केल्या मावेना, शेवटी नाद सोडला.

मी आले होते एका लग्नाचं गाव बघायला. 14 नोव्हेंबर 1475 रोजी याच चर्चमध्ये विटेल्सबाख घराण्यातल्या लांड्सहूटच्या ड्यूकचा मुलगा गेओर्ग आणि पोलंडच्या राजाची मुलगी हेडविग यांचं लग्न लागलं. नवरा वीस वर्षांचा, नवरी अठराची. क्राकोवहून तिचं वऱ्हाड जवळजवळ दोन महिने वाटेत होतं. लग्नाला खुद्द सम्राट फ्रेडरिक तिसरा हजर. सासरही तसंच तालेवार: मीठ आणि चांदीच्या खाणींवर गबर झालेल्या इथल्या ड्यूकांना लोक ‘श्रीमंत’ याच बिरुदानं ओळखत.

गावाला चूलबंद आवतण होतं. त्या दिवसांत सगळं खाणंपिणं ड्यूकच्या मुदपाकखान्यातून, फुकट. हिशेब लिहून ठेवलाय: 323 बैल, 40,000 कोंबड्या आणि 1,94,345 अंडी. त्या शेवटच्या पाच अंड्यांपर्यंत मोजत बसणारा कोठीवाला मला सम्राटापेक्षा जास्त आवडला. आमच्याकडे कार्यानंतर ताटांच्या आकड्यावरून केटररशी हुज्जत घालणारे काका असतात, त्यांच्याच गोत्रातला.

नगरभवनाच्या दिवाणखान्यात या वरातीची भलीमोठी भित्तिचित्रं आहेत, एकोणिसाव्या शतकातली. त्यांवरूनच गावाला हौस सुचली आणि 1903 पासून लोक हे लग्न पुन्हा लावू लागले. आता दर चार वर्षांनी उन्हाळ्यात दोन हजारांवर माणसं त्या काळच्या वेषात उतरतात. टोप चालत नाहीत, म्हणून पुरुष महिनोन्‌महिने केस वाढवतात. मी गेले ते नेमकं मधलं वर्ष. रस्त्यावर सगळे छान केस कापलेले!

दुसऱ्या दिवशी बुर्गहाउझेन गाठलं. हेडविगचा संसार मुख्यतः इथे झाला. नवरा लांड्सहूटच्या दरबारात, ही इथे. किल्ला एका चिंचोळ्या डोंगरधारेवर किलोमीटरभर पसरलाय. एक चौक संपला की दुसरा, मग तिसरा. खाली झाल्साख नदी, पलीकडचा काठ ऑस्ट्रियाचा. तटावर वारा झोंबत होता. एवढ्या लांबलचक वास्तूत माणूस एकटं पडायला वेळ लागत नसावा, असं वाटून गेलं. अर्थात तिच्या दिमतीला नोकरचाकर भरपूर होते, हा माझा आपला हळवेपणा.

वारसदार मुलगा उरला नाही. 1502 मध्ये हेडविग गेली, पुढच्या वर्षी गेओर्ग. घराण्यातला करार धुडकावून त्यानं राज्य लेक एलिझाबेथ आणि जावई रुप्रेश्त यांच्या नावे केलं होतं. म्युनिकचे भाऊबंद कसले ऐकतात! 1504 मध्ये युद्ध पेटलं, त्याच वर्षी लेक-जावई दोघंही आजारानं गेले. लांड्सहूटची शाखा संपली. मध्यस्थी करणाऱ्या, पुढे सम्राट झालेल्या राजा मॅक्सिमिलियननं कुफश्टाइन, किट्झब्यूल आणि राटेनबर्ग, म्हणजे चांदीचा मुलूखच, स्वतःच्या पदरात पाडून घेतला.

गेओर्गला लांड्सहूटच्या झेलिगेनटाल मठात पुरलं. हेडविग बुर्गहाउझेनजवळच्या राइटेनहासलाख मठात आहे. तिथे जाऊन आले. चर्चमध्ये मी आणि फरशी पुसणाऱ्या एक बाई, एवढंच कोणी होतं.