चर्चा फसते ती प्रश्नात

निवडणुकीचा वादग्रस्त निकाल, दंगल, युद्ध, एखाद्या नेत्याची हत्या. अशा घटनेच्या दुसऱ्या दिवशी मुलं ती डोक्यात घेऊनच वर्गात येतात. आपण विषय काढला नाही, तर ती मधल्या सुट्टीत बोलतात आणि तिथं ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं ठरतं. म्हणून विषय काढावाच. पण पहिल्या दिवशी वाद रंगवू नये. तेव्हा माहिती कच्ची असते, आणि चारचौघांत घाईनं घेतलेली बाजू नंतर सोडायला मुलांना जड जातं.

पहिल्या दिवसाला पंधरा मिनिटं पुरतात. फळ्यावर तीन रकाने आखा: ‘नक्की कळलंय’, ‘कुणाकडून तरी ऐकलंय’, ‘अजून कळायचंय’. मुलांनी चिठ्ठीवर लिहायचं, नाव न घालता. चिठ्ठ्या आधी स्वतः चाळा, मगच मोठ्यानं वाचा; कुणाला तरी बोचणारं वाक्य एकदा वाचलं गेलं की परत घेता येत नाही. पहिल्या रकान्यातली बरीच वाक्यं ‘हे कुठून कळलं?’ असं विचारताच दुसऱ्या रकान्यात सरकतात. ते सरकणं मुलांच्या डोळ्यांदेखत फळ्यावर झालं पाहिजे. तिसरा रकाना पुसू नका, उतरवून ठेवा.

खरी चर्चा दोन-चार दिवसांनी. ती फसली की मुलांच्या वागण्याला दोष दिला जातो, पण माझ्या मते दोष बहुतेक वेळा प्रश्नातच असतो. प्रश्न घडवताना तीन गोष्टी तपासा.

पहिली, प्रश्न खरोखर खुला आहे का? होलोकॉस्ट, म्हणजे नाझी जर्मनीनं केलेला लाखो ज्यूंचा संहार, घडला की नाही, हा चर्चेचा विषय नाही. त्याचे पुरावे आहेत आणि ते शिकवायचे असतात. पण तो नाकारणं कायद्यानं गुन्हा असावा का, हा खुला प्रश्न आहे. जर्मनीत तो गुन्हा आहे, अमेरिकेत नाही, आणि दोन्हीकडं विचार करून दिलेली कारणं आहेत. मिटलेला प्रश्न ‘दोन बाजू’ म्हणून मांडला, की खोट्याला आपणच खऱ्याच्या शेजारी बसवतो. उलट, खुल्या प्रश्नाचं एकच उत्तर शिकवणं म्हणजे प्रचार.

दुसरी, प्रश्नात वर्गातल्याच एखाद्या मुलाचं असणं पणाला लागतंय का? ‘निर्वासितांना देशात ठेवावं का?’ या प्रश्नापुढं निर्वासित कुटुंबातलं मूल काय बोलणार? तोच विषय असा विचारा: ‘आश्रयाच्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत अर्जदाराला नोकरी करू द्यावी का?’ आता चर्चा माणसांवरून धोरणावर येते.

तिसरी, उत्तरासाठी काही वाचावं लागतं का? ‘तुम्हाला काय वाटतं?’ एवढ्यावर तास चालवला, तर मुलं घरी ऐकलेलंच बोलतात.

पश्चिम जर्मनीत १९७६ साली बॉयटेल्सबाख इथं निरनिराळ्या राजकीय विचारांचे शिक्षणतज्ज्ञ जमले होते. त्यातून तीन तत्त्वं पुढं आली: विद्यार्थ्यावर आपलं मत लादायचं नाही, अभ्यासात आणि राजकारणात जे वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडायचं, आणि विद्यार्थ्याला स्वतःचं हित ओळखून परिस्थिती तपासता आली पाहिजे. तिसरं तत्त्व सहज विसरलं जातं.

पद्धत म्हणून मी डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ भावांनी विकसित केलेली रीत सुचवेन. चौघांचा गट, त्यात दोन जोड्या, आणि बाजू शिक्षकानं वाटून द्यायच्या. दहा मिनिटं वाचन. मग प्रत्येक जोडी तीन-तीन मिनिटं आपली बाजू मांडते. त्यानंतर समोरची जोडी ती बाजू आपल्या शब्दांत परत सांगते, आणि ‘हो, हेच म्हणायचं होतं’ अशी पावती मिळेपर्यंत सांगत राहते. मग बाजूंची अदलाबदल. शेवटची दहा मिनिटं बाजू सोडून द्यायच्या: आपण चौघं कशावर सहमत आहोत, आणि नेमकं कुठं अडतोय?

वेळ कमी पडला की ‘परत सांगणं’ गाळलं जातं. ते गाळू नका, हवं तर अदलाबदल गाळा. परत सांगायचं आहे हे माहीत असलं की मूल ऐकतं. नाहीतर ते फक्त आपली पाळी यायची वाट पाहतं. आणखी एक चूक म्हणजे वाचायला दिलेला मजकूर. एका बाजूला दोन पानं आणि दुसरीला अर्धं, एका बाजूला आकडे आणि दुसरीला नुसत्या भावना, असं झालं की निकाल आधीच लागलेला असतो. लांबी आणि पुरावे तोलून पाहा.

प्रश्न विचारल्यावर थांबा. मेरी बड रो या अमेरिकी शिक्षण-संशोधिकेच्या अभ्यासात दिसलं, की शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबलं तरी उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलं बोलू लागतात. अवघड विषयात मी मनात दहापर्यंत मोजायला सांगेन.

कुणी एखाद्या समाजाबद्दल अपमानकारक बोललं, तर तिथंच थांबवा आणि ते वाक्य का चालणार नाही हे सांगा. त्या समाजातल्या मुलाकडं ‘तुला काय वाटतं?’ म्हणून वळू नका. कुठल्याही मुलाला त्याच्या समाजाचा वकील करू नका, कौतुकानंसुद्धा नाही.

मुलं तुमचं मत विचारतीलच. चर्चेआधी ते सांगू नये, कारण मग मुलं त्या मताभोवतीच बोलतात. शेवटी सांगायचं असेल तर कारणांसह सांगा, आणि आपल्या मतातली कुठली बाजू आपल्यालाच लंगडी वाटते तेही सांगा. लहान वर्गांत न सांगणंच बरं. इंग्लंडमध्ये १९९६ च्या शिक्षण कायद्यानुसार शाळेत शिकवताना एकांगी राजकीय मतांची तळी उचलायला मनाई आहे. तुमच्याकडचा नियम आधी वाचा, आणि प्रश्न व वाचनाचा मजकूर मुख्याध्यापकांना आधीच दाखवून ठेवा.

शेवटची पाच मिनिटं पुन्हा चिठ्ठीची: ‘माझं मत कशानं हललं?’ आणि ‘मला अजून काय कळायला हवं?’ पहिल्या प्रश्नाला ‘कशानंच नाही’ हे उत्तरही चालतं. चर्चा सुरू झाल्यावर जी दोन-तीन मुलं अचानक गप्प झाली, त्यांची नावं टिपून ठेवा आणि त्याच दिवशी एकेकट्याशी बोला. पुढचा तास उतरवून ठेवलेल्या तिसऱ्या रकान्यापासून सुरू करा.