सामुदायिक रेडिओची परवानगी: आमची फाइल अडली ती अक्षांशावर

संस्थेची कागदपत्रं, हिशेब, कार्यक्रमांचा आराखडा, सगळं सुरळीत पार पडलं. फाइल अडली ती तांत्रिक अर्जातल्या एका रकान्यावर, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

अर्जात मनोऱ्याचे अक्षांश-रेखांश अंश, मिनिटं, सेकंद असे मागतात. फोनवरचा नकाशा ते दशांशात दाखवतो. समजा अंशांनंतर .४२५० आहे. त्याला ६० ने गुणलं की २५.५ येतात, म्हणजे २५ मिनिटं. उरलेल्या .५ ला पुन्हा ६० ने गुणायचं, ३० सेकंद. आम्ही दोन्ही रूपं लिहून दिली होती. तरी कार्यालयातल्या नोंदीत ४२५० चे सरळ ४२ मिनिटं ५० सेकंद झाले. फरक १७ मिनिटं २० सेकंदांचा. अक्षांशाचं एक मिनिट साधारण १.८५ किलोमीटरचं असतं, त्यामुळे कागदावर आमचा मनोरा ३२ किलोमीटर उत्तरेला सरकला! शेरा आला: 'जागा सेवाक्षेत्राबाहेर'. कुठला आकडा खटकला, ते लिहायची तसदी कुणी घेतली नाही. पन्नास-शंभर वॉटचं केंद्र जेमतेम दहा-पंधरा किलोमीटर ऐकू येतं. ज्यांचा रस्ता वाहून गेलाय, ज्यांचं जनावर हरवलंय, त्यांच्याच घरात आवाज पोचणार नसेल तर असं केंद्र हवं कशाला? म्हणून हा रकाना किरकोळ नाही.

शेवटी एकाच पानावर दोन्ही रूपं, डब्ल्यूजीएस-८४ (जीपीएस ज्या मापन-पद्धतीत अक्षांश-रेखांश देतं ती) हा उल्लेख आणि मनोऱ्याभोवती वर्तुळ काढलेला नकाशा असं दिलं, पोच घेतली, तेव्हा फाइल हलली. तुम्ही हे पान पहिल्याच दिवशी जोडा. आकडे स्टुडिओत बसून घेऊ नका, मनोऱ्याच्या पायथ्याशी उभं राहून घ्या. एक सेकंद चुकला तरी जवळपास ३१ मीटरचा फरक पडतो. उंचीचे रकानेही दोन असतात, जमिनीपासूनची आणि समुद्रसपाटीपासूनची. जमीन ५६० मीटरवर आणि अँटेना ३० मीटरवर असेल तर दुसऱ्यात ५९० लिहायचे.

प्रभावी शक्तीचा, म्हणजे केबलमधली घट आणि अँटेनाचा लाभ धरून येणाऱ्या शक्तीचा, हिशेब आधीच करून ठेवा. ट्रान्समीटर ५० वॉटचा आणि केबलमधली घट २.५ डीबी (डेसिबल, शक्तीतली घट-वाढ सांगायचं माप) असेल तर अँटेनापाशी २८ वॉट उरतात. ३ डीबीडी (साध्या डायपोल अँटेनाच्या तुलनेत मोजलेला डीबी) लाभाच्या अँटेनाने ते ५६ होतात. विक्रेत्याच्या कागदावर डीबीआय (सगळीकडे सारखं प्रसारण करणाऱ्या काल्पनिक अँटेनाच्या तुलनेत मोजलेला लाभ) असेल तर आधी २.१५ वजा करा, नाहीतर शक्ती दीडपटीहून जास्त दिसते आणि मर्यादा ओलांडल्याचा शेरा बसू शकतो.

आणि हो, केबलचा प्रकार व लांबी अर्जात लिहिली तीच बसवा. तपासणीला येणारे ती मोजतात.