यंदाचं वाण : पाच फुलांची पाच कार्डं

यंदा हळदीकुंकवाला वाण काय द्यायचं हे माझं डिसेंबरातच पक्कं झालं होतं, घरी ठसे मारून केलेली कार्डं, पाच फुलांची पाच, सोबत पाकिटं आणि वरून लाल दोऱ्याची गाठ. दरवर्षी आपण काय देतो, वाटी, डबी, चाळणी, कापडी पिशवी, आणि ते सगळं प्रत्येकीच्या घरात आधीच असतं त्यामुळे वरच्या फळीवर जाऊन बसतं. कार्डाचं तसं नाही ना, ते जवळ ठेवून काही उपयोगच नाही, कोणाला तरी चार ओळी लिहून द्यायलाच लागतात. वाण लुटायचं असतं म्हणतात, मग ते हातात आल्यावर पुढे जाणारं असावं असं मला फार मनापासून वाटतं.

आणि संक्रांतीला कार्डं हे काही नवीन नाहीच. माझ्या लहानपणी बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या घरी पुण्याहून, साताऱ्याहून छोटी छोटी तिळगुळाची कार्डं यायची, आत इवलीशी पुडी चिकटवलेली, त्यात काटेरी हलव्याचे दाणे, आणि पोस्टाचे शिक्के खाऊन खाऊन त्यातल्या अर्ध्याचा भुगा झालेला असायचा तरी आम्ही भावंडं तो वाटून घ्यायचो. आजी ती सगळी कार्डं फडताळात दोऱ्याने बांधून ठेवायची. आता सगळं व्हॉट्सॲपवर येतं, येऊ दे, पण बांधून ठेवण्यासारखं काही उरत नाही हे खरंय.

बडोद्यात एक सोय आहे, चौदा-पंधराला इथे कोणी घरात सापडतच नाही, उत्तरायण आणि वासी उत्तरायण, अख्खं गाव गच्चीवर, पतंग, उंधियो, जिलबी. त्यामुळे आमची हळदीकुंकवं खरी सुरू होतात सोळापासून ती रथसप्तमीपर्यंत, म्हणजे मला हातात निवांत वेळ मिळाला.

कागद २५० जीएसएमचा, म्हणजे जाडसर, पांढरा आयव्हरी घेतला. ए-४ चे चार तुकडे केले की एकेक ए-६ होतो, तो मधे दुमडला की ७४ बाय १०५ मिलिमीटरचं चिमुकलं कार्ड, तळहातावर मावेल असं. पंचवीस जणींना पाच-पाच म्हणजे १२५ कार्डं, बत्तीस शीटमध्ये होतात आणि तीन उरतात. दुमडायच्या आधी कागदाचा धागा कुठल्या दिशेला आहे ते बघायचं, शीट दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघितलं की कळतं, एकीकडून पटकन वाकते आणि दुसरीकडून अडते, जिकडून सहज वाकते त्या दिशेने घडी घातली की कडेला तडे जात नाहीत. आणि घडी घालायच्या जागी पट्टी धरून संपलेल्या बॉलपेनने एक रेघ दाबून घ्यायची. हे न करता नुसतं हाताने दुमडलेलं कार्ड कितीही सुंदर छापलेलं असलं तरी कच्चं दिसतं.

आता मुख्य प्रश्न, सेट सेट कसा दिसणार? शेवंती, झेंडू, जास्वंद, पारिजात, गोकर्ण, पाचही वेगळी, पिवळा केशरी लाल पांढरा निळा, नुसती शेजारी ठेवली तर पाच दुकानांतून आणल्यासारखी वाटतील. पुष्कळजणी सगळीकडे एकच फूल छापून रंग बदलतात, मला ते पटत नाही, त्यात फुलाचं फूलपण जातं. मी उलटं केलं, फुलं मोकळी सोडली आणि पान एकच ठेवलं. तेच पान, तोच हिरवा, पाचही कार्डांवर डाव्या खालच्या कोपऱ्यात, त्यातून फूल वर आलेलं, आणि उजवीकडे लिहिणाऱ्यासाठी कोरी जागा. डोळा आधी पानावर जातो आणि सगळी एका घरची आहेत हे त्याला लगेच कळतं.

ते पान म्हणजे लाकडी ठसा आहे, पेथापूरचा. गांधीनगरजवळचं हे गाव कापडावर छापायच्या सागवानी ठशांसाठी प्रसिद्ध, एकेकाळी तिथल्या ठशांवर छापलेलं सौदागिरी कापड पार सयामला, म्हणजे आजच्या थायलंडला, जायचं. ठसा उलटा करून डोळ्यापाशी नेला की कळतं काय काम आहे ते, पानाच्या शिरा जेमतेम केसाएवढ्या आणि मधल्या खोलगट भागात बारीक बारीक भोकं, हवा अडकू नये म्हणून पाडलेली. छापणारे लोक बाह्यरेषेच्या ठशाला रेख म्हणतात आणि आत रंग भरायच्या ठशाला दत्ता, आधी रेख मग दत्ता. आजकालचे दोन-तीन थरांचे सिलिकॉनचे ठसे मिळतात ना, तीच रीत, फक्त पारदर्शक असल्यामुळे कुठे बसतोय ते वरून दिसतं. लाकडी ठसा कागदावर मारताना खाली वर्तमानपत्राची जाड घडी हवीच, टणक टेबलावर मधला भाग उमटत नाही. आणि ठसा पॅडवर दाबण्यापेक्षा पॅडच ठशावर हलकं हलकं टेकवलं तर शाई शिरांमध्ये साठत नाही.

फुलं बघायला खंडेराव मार्केटमधून थोडी थोडी आणली, गोकर्ण मात्र गच्चीतल्या वेलावरचा. झेंडू समोर ठेवून बघितला तेव्हा लक्षात आलं की तो एका केशरीचा नसतोच, पाकळ्यांच्या कडा फिक्या आणि आत गडद. त्यासाठी ठसा आधी रफ कागदावर एकदा उमटवायचा आणि उरलेल्या शाईने कार्डावर, तो झाला फिका थर, मग त्यावर पूर्ण शाईचा आतला ठसा. एकाच पॅडमधून दोन छटा निघतात, वेगळी शाई विकत घ्यायलाच नको.

सगळ्यात जास्त जीव पारिजातात गुंतला. पांढरं फूल पांढऱ्या कागदावर कसं दाखवणार, पिगमेंटची पांढरी शाई गडद कागदावर छान उठते पण मग ते एक कार्ड सेटमधून बाहेर पडलं असतं. शेवटी पाकळ्यांची नुसती रेख अगदी फिक्या राखाडीत घेतली, जवळजवळ दिसू नये इतक्या फिक्या, आणि मध्ये केशरी ठिपका, तो पेन्सिलीच्या मागच्या रबराने. तो केशरी पडला रे पडला की आजूबाजूची पांढरी पाकळी आपोआप दिसायला लागते! हे मी परत परत बघत बसले. खाली दोन फुलं पालथी पडलेली पण छापली, पारिजात सडा पाडतो, देठं वर करून पडतो, ते नसेल तर तो पारिजात कसला.

आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, सुकत ठेवलेल्या रांगेतून जास्वंदाचं एक उचललं आणि सांगलीच्या मावशींना लिहायला लागल्या पण, म्हणाल्या अगं आत काही छापू नकोस हं, आमचं आम्ही लिहू. मी तसंही कोरंच ठेवणार होते. शेजारच्या भाभींना झेंडू हवाय, त्यांचं ठरलंय की मुलीच्या सासरी कॅनडाला पाठवायचं.

आता पाकिटं राहिलीत. या मापाला सी-७ पाकीट लागतं, ८१ बाय ११४, ते रेडिमेड बाजारात मिळालं नाही तर खाकी कागदाची घरीच करणार, झाकणावर तेच पान, फक्त शाई जुनी उरलेली तपकिरी. रथसप्तमी झाली की एकेकीला विचारणारे मी, कोणाला पाठवलीस गं, आणि काय लिहिलंस.