बाटलीवरचं शून्य

बाबांनी खोबरेलाची बाटली चष्म्याजवळ धरली आणि कोर्टातली केस जिंकल्यासारखं म्हणाले, "वाच. कोलेस्टेरॉल शून्य. मग माझ्या रक्तात खयसून इलां?"

टेबलावर रिपोर्ट. एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, १६८. त्यावर अर्धा खवलेला नारळ ठेवलेला, वाऱ्याने उडू नये म्हणून!

बाटलीवर लिहिलंय ते खोटं नाही, हीच पंचाईत. खोबऱ्यात कोलेस्टेरॉल नसतंच म्हणा ना. पण या तेलात ८० टक्क्यांहून जास्त संपृक्त चरबी. ती जास्त पोटात गेली की यकृत रक्तातलं एलडीएल कमी उचलतं, ते रक्तातच फिरत राहतं. हे समोरच्या लेबलवर कोण छापणार?

मी सांगितलं. बांगड्याची बाजूही घेतली, फक्त तळण्याची नाही. बाबा जरा गप्प. मग, "आजो नव्वद वर्सां जगलो, ह्याच तेलार."

आजोबा रोज माडावर चढायचे. बाबा कोपऱ्यावरच्या दुकानात स्कूटरने जातात.

हे मात्र ओठांवर येऊन राहिलं. कारण बाबांनी लगेच विचारलं, "तुझो रिपोर्ट खय आसा?"

माझा? शेवटचा कधी काढला, आठवेना. तुम्हाला आठवतोय तुमचा?